कालचे फरार

शेवटची अकरा वर्षं बाबा माझ्याशी ‘मला-तुला’ असं बोलले. ज्यांच्या घरी जन्मापासून ‘मला-तुला’च चालतं त्यांना यात काय एवढं, असं वाटेल. आमच्या घरी ‘मले-तुले’ होतं. बाबा आईशी ‘मले-तुले’ बोलत, शेजाऱ्यांशी बोलत, बसमधल्या उतारूंशी बोलत, गल्लीतल्या लंगड्या कुत्र्याशीसुद्धा ‘तुले भूक लागली काय गा?’ असंच बोलत. मी समोर आले की मात्र ते जरासे थांबत, घसा खाकरत आणि म्हणत, “सुनंदा, तुला चहा हवा आहे का?” राग नव्हता त्यात. टोमणा तर मुळीच नव्हता. टोमणा असता तर मी भांडले असते. भांडणात मी आजही कोणाला ऐकत नाही. ते माझी लाज राखत होते. हे कळूनही मी अकरा वर्षांत तोंड उघडलं नाही, आणि हे सगळं झालं एका सिनेमापायी, जो शंभर माणसांनीही पाहिला नसेल.

बाबा एस.टी.त कंडक्टर होते. नागपूर-उमरेड, उमरेड-नागपूर. आवाज असा, की चौकात बस यायच्या आधी आवाज यायचा. ‘चला उमरेड, उमरेड, उमरेड! मागं सरका जी, मागं काय वाघ बसला आहे?’ आमचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर सक्करदऱ्याच्या चौकापासून एक गल्ली आत होतं. संध्याकाळच्या शेवटच्या फेरीला ‘सक्करदरा कोण आहे, सक्करदरा!’ ऐकू आलं की आई भात टाकायची. घरात घड्याळ होतं, चावी दिलेलं, चालू. पण भात त्या आवाजावरच पडायचा. बाबा डेपोत हिशेब देऊन, हात-पाय धुऊन पाटावर बसेपर्यंत भात मुरलेला असायचा, त्यावर आई डाळीचे वाफवलेले गोळे कुस्करून कडकडीत फोडणीचं तेल घालायची, आणि ते चर्र वाजलं की बाबा डोळे मिटून ‘हां’ म्हणायचे. तिकिटाला भोक पाडायचा चिमटा ते घरीही खिशातून काढून टिकटिक करत बसायचे. गप्पांत रंगले की टिकटिक थांबायची, चिडले की जोरात व्हायची. आमच्या घराचे आवाज म्हटले की मला एवढेच आठवतात: तो चिमटा, ती फोडणी आणि उन्हाळ्यात कूलरची घरघर.

गल्लीच्या तोंडाशी किशोरभाऊंचा फोटो स्टुडिओ होता. लग्नाचं व्हिडिओ शूटिंग तेव्हा नवं नवं आलं होतं, आणि किशोरभाऊंनी एक कॅमेरा आणला होता, खांद्यावर ठेवायचा. त्याच्या वायरला जोडलेला रेकॉर्डर वेगळा, तो दुसऱ्या माणसानं गळ्यात अडकवून मागे मागे फिरायचं. त्या वर्षी उन्हाळ्यात गुरूचा अस्त आला. अस्तात लग्नं लागत नाहीत. बँडवाले, आचारी, मंडपवाले, सगळे हातावर हात ठेवून बसले होते, आणि किशोरभाऊंचा कॅमेराही. रिकाम्या कॅमेऱ्याकडे पाहत पाहत त्यांच्या डोक्यात सिनेमा शिरला.

गोष्ट अशी: इंग्रजांच्या काळातले तीन फरारी दरोडेखोर. पोलीस मागावर आहेत. तिघं एका कोरड्या विहिरीत लपतात, झोपतात, आणि सकाळी वर येतात तर शंभर वर्षं उलटून गेलेली. समोर आजचं नागपूर. मग ते पुन्हा विहिरीत उतरतात, भलत्याच काळात निघतात, असं दोन तास. “बायको म्हणते डोकं फिरलं माझं,” किशोरभाऊ बाबांना म्हणाले, “पण कंडक्टरसाहेब, सरदार तुमीच. असा आवाज साऱ्या नागपुरात नाही.” बाबांना आधी हसू आलं. मग त्यांनी विचारलं, “घोडा आहे काय?” घोडा नव्हता. “मंग पायीच पळू,” बाबा म्हणाले आणि तयार झाले. बाकीचे दोघे फरारी म्हणजे किशोरभाऊंचा साळा आणि चौकातला सायकल दुरुस्तीवाला. वेशभूषेचा खर्च नाहीच. मे महिन्यात नागपुरात जो तो डोक्याला-तोंडाला दुपट्टा गुंडाळून, फक्त डोळे उघडे ठेवून हिंडतो. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा. अख्खं शहर दरोडेखोरांचं वाटतं. बाबांचा दुपट्टा उमरेडच्या एका ओळखीच्या विणकराकडचा होता, लाल काठाचा. तोच सिनेमात वापरला.

आणि काळातून प्रवास कसा दाखवायचा? तर आमच्या कूलरमधून. कूलरच्या वाळ्याच्या ताट्या काढायच्या, पंखा फिरवायचा, पात्यांमागे लाल जिलेटिन कागद लावून दिवा धरायचा आणि फिरत्या पात्यांतून पलीकडच्या माणसांचं शूटिंग घ्यायचं. चेहरे लुकलुकत तुकडे तुकडे होत जायचे. मला मान्य करायलाच हवं, ते दिसायचं झकास. पण त्यासाठी तीन आठवडे आमचा कूलर किशोरभाऊंच्या दुकानात, आणि आम्ही घरात ओल्या चादरी टांगून. “शंभर वर्षं मागं जाचं असन त खुशाल जा,” आई बाबांना म्हणाली, “पण जाताना माहा कूलर घरी ठेवून जा.”

संवाद लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी बी.ए.ला मराठी घेतलेली गल्लीतली एकुलती एक मुलगी. “तू लिव वं,” किशोरभाऊ म्हणाले. “मले कहाणी येते, बोलणं नाही येत.” मी वीस वर्षांची होते आणि माझ्या डोक्यात कॉलेजातले मराठीचे सर होते. म्हणजे तसे नव्हे. मला त्यांच्यासारखं बोलायचं होतं. ते वर्गात बोलायला लागले की बाहेरचे शिपाईसुद्धा दाराशी उभे राहत, इतकी स्वच्छ, घासूनपुसून ठेवलेली मराठी. पहिल्या वर्षी मी वर्गात उभी राहून ‘सर, मले वाटते’ म्हटलं होतं आणि सगळे हसले होते. सर हसले नव्हते, ते फक्त थांबले होते, मी चूक सुधारेपर्यंत. हसण्यापेक्षा ते थांबणं मला जास्त लागलं. तेव्हापासून मी आरशासमोर बोलायचा सराव करत असे. घरी मात्र अजून जीभ सैल होती. आईवर ओरडायचं तर ‘मला’ म्हणून ओरडता येत नाही.

सिनेमाचं नाव किशोरभाऊंनी आधी ‘कल के फरार’ ठेवलं होतं. नागपूरच ते, अर्धं हिंदीत चालतं. मी म्हटलं मराठी सिनेमा आहे, ‘कालचे फरार’ म्हणा. बाबा चिमटा टिकटिकवत म्हणाले, “अवं, पण हिंदीतला कल बरा होता ना. कल म्हणजे कालही अन् उद्याही. हे पोट्टे त दोन्हीकडं जाऊन राहिले.” मी म्हटलं, बाबा, तुम्हाला नाही समजत. आज, इतकी वर्षं शाळेत शिकवल्यावर, वर्गात मुलांना हे उदाहरण देता आलं असतं तर फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं असतं. तेव्हा मी पाटी पुसावी तसं ते पुसून टाकलं.

शूटिंगमध्ये बाबांनी माझं एक वाक्य लिहिल्याप्रमाणे म्हटलं असेल तर शपथ. विहिरीतून वर आल्यावर सरदारानं म्हणायचं होतं, ‘आम्ही काळाच्या विवरातून येथे येऊन पोहोचलो आहोत.’ बाबा काठावर उभे राहिले, रस्त्यावरच्या दिव्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, “आमी निजलो तवा अंधार होता गा. उठलो त साऱ्या गावात दिवे. कोणाचं लगन आहे काय इथं?” बघ्यांनी टाळ्या वाजवल्या. इन्स्पेक्टर हिंदीत दरडावतो, ‘कल कहाँ थे?’ त्यावर बाबा शांतपणे म्हणाले, “कोणता कल, साहेब? मागचा का पुढचा?” किशोरभाऊ कॅमेरा धरून खदखदत होते, चित्र हललं म्हणून तो शॉट दोनदा घ्यावा लागला. मी कागद हातात घेऊन जळत उभी. “लिहिलं तसं म्हणा ना बाबा!” मी म्हटलं. तर म्हणाले, “शंभर वर्षांआधीचा डाकू आहे ना वं तो? तो काय तुह्या कॉलेजात गेलता? विवर कसा म्हणन तो?” बरोबर होतं त्यांचं. शब्दन् शब्द बरोबर होतं. पण वीस वर्षांच्या मुलीला बाप बरोबर आहे हे सगळ्यांसमोर कळलं तर ती काय करते? ती मनात धरून ठेवते.

शेवटचा शॉट बेस्याला घेतला. तेव्हा बेसा म्हणजे शेतं आणि शेतांचे धुरे-बांध, बाकी काही नाही. आता मी तिथेच एका इमारतीत चौथ्या मजल्यावर राहते, आणि लिफ्ट बंद पडली की पायऱ्या चढताना मनात येतं, त्या शॉटमधलं शेत बहुधा आमच्या पार्किंगखाली असेल. शॉट साधा होता. तिघं फरारी, तोंडाला दुपट्टे बांधलेले, आपल्याकडे पाठ करून नांगरलेल्या शेतातून दूर चालत जातात. किशोरभाऊ कॅमेरा घेऊन त्यांच्या मागे, आणि रेकॉर्डर गळ्यात घेऊन वायरीनं किशोरभाऊंना बांधलेली मी त्यांच्या मागे. ढेकळात माझा पाय मुरगळला आणि मी गुडघ्यावर आपटले. रेकॉर्डर मात्र छातीशी घट्ट धरला, आपटू दिला नाही. कॅमेरा थांबला नाही. मी उठले आणि वायर ओढली जाऊ नये म्हणून तशीच लंगडत चालत राहिले. गुडघ्यावर त्या ढेकळाचा वण अजून आहे. कोणी काय बोललं, बोललं की नाही, ते मला आठवत नव्हतं. नुसतं ऊन आणि रक्त आठवत होतं.

सिनेमा जोडून झाला तेव्हा मी सरांना स्टुडिओत घेऊन आले. किशोरभाऊंना तो पुण्याला एका स्पर्धेला पाठवायचा होता, आणि सरांचं मत मिळालं तर बरं, असं मीच म्हटलं. खरं म्हणजे मला सरांच्या तोंडून शाबासकी हवी होती, स्पर्धा गेली खड्ड्यात. सरांनी शेवटपर्यंत मन लावून पाहिलं. मग चष्मा पुसत म्हणाले, “कल्पना चांगली आहे. संवादांवर तुझी मेहनत दिसते. पण हे मुख्य काम करणारे गृहस्थ… यांची भाषा तिकडच्या परीक्षकांना कळायची नाही. हसतील ते. कोण आहेत हे?”

दुकानात किशोरभाऊ होते. भिंतीवरचं घड्याळ होतं. मी म्हटलं, “आहेत एक. आमच्या गल्लीतले.”

हे वाक्य लिहायला मला आत्ता अर्धा तास लागला. चहा केला, कपडे घडी केले, पुन्हा येऊन बसले. किशोरभाऊ माझ्याकडे नुसते बघत राहिले. सर म्हणाले, त्यांना दुसरा आवाज देता येईल, आणि पुढे स्वतःच म्हणाले, “वेळ काढून तो मीच देईन.” मला तर आकाश ठेंगणं झालं. सर गेल्यावर किशोरभाऊंनी विचारलं, “बाबांले विचारलं काय वं?” मी म्हटलं, “हव, विचारलं. ते म्हणाले, काही हरकत नाही.” विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले नसते, हे मला पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच विचारायची हिंमत झाली नाही. चार दुपारी सर येत राहिले. पडद्यावर बाबांचे ओठ हलत आणि सर त्या ओठांवर माझी वाक्यं नीट बसवत. मी बाजूला बसून कुठे सुरू करायचं आणि कुठे थांबायचं ते बोटानं दाखवत होते.

लग्नं नव्हती, म्हणून मंगल कार्यालय फुकट मिळालं. दुपारी खेळ ठेवला. दोन टी.व्ही. शेजारी शेजारी, समोर सतरंज्या. बाबांनी सगळ्या डेपोला निमंत्रण दिलं होतं. ड्युटी बदलून माणसं आली होती, उमरेडहून तो विणकर आला होता, आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. बाबा पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत. विहिरीच्या काठावर दुपट्टा खाली ओढून सरदारानं दिव्यांकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि त्याच्या तोंडून गोड, गुळगुळीत, अनोळखी आवाज आला, “आम्ही काळाच्या विवरातून येथे येऊन पोहोचलो आहोत.”

क्षणभर कोणाला काही समजलंच नाही. मग डेपोतला एक ड्रायव्हर मागून ओरडला, “काय गा कंडक्टर, घसा बसलता काय?” अख्खं कार्यालय हसलं. बाबाही हसले. वळून म्हणाले, “हव, बसलता.” त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, बघितलं असतं तर लोकांना कळलं असतं. पुढचं मी पाहिलं नाही. मी उठून बाहेर आले आणि सायकली लावल्या होत्या तिथे कडुलिंबाखाली उभी राहिले. आतून सरांचा आवाज येत होता, लोकांचं हसू येत होतं, आणि शेवटी टाळ्या आल्या.

लोक बाहेर पडायला लागले. सर माझ्याजवळ आले, अभिनंदन केलं, आणि तेवढ्यात मागून बाबा आले. सरांनी त्यांना ओळखलं. हात जोडून, अगदी मनापासून म्हणाले, “छान काम केलंत तुम्ही. चेहरा फार बोलका आहे. सुनंदाच्या गल्लीत राहता ना?”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. लांबचं बघायचं असलं की ते डोळे बारीक करत, तसे डोळे बारीक करून, मी तर हातभर अंतरावर होते. मग त्यांनीही हात जोडले. “हव,” ते म्हणाले. “तिच्याच गल्लीत राह्यतो.”

आईनं त्या दिवशी पाटवडी रस्सा केला होता, कार्यक्रमाच्या नावानं. तिला काहीच माहीत नव्हतं. ती रागानं धुमसत होती, पण किशोरभाऊंवर. “एवढी मेहनत घेतली माणसानं अन् आवाज दुसऱ्याचा!” बाबा जेवत होते. म्हणाले, “जाऊ दे ना वं. शेवटाले मी आहो ना त्याच्यात.” मला वाटलं, शेवटी नावांची यादी येते, तिच्यात त्यांचं नाव आहे, ते म्हणतात. आई हात धुवायला उठली तेव्हा त्यांनी ताटावरून मान वर केली आणि हळूच एकच शब्द विचारला. “काहून?”

काहून, म्हणजे का. मी रस्सा ढवळत बसले. माझ्याशी बोललेला तो त्यांचा शेवटचा शब्द, म्हणजे आमच्या बोलीतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कामावर जायला निघाले. खांद्याला पेटी, खिशात चिमटा. दाराशी थांबले, घसा खाकरला आणि म्हणाले, “सुनंदा, तुला बाजारातून काही आणायचं आहे का?” आई पोहे टाकता टाकता थांबली. “काय जी,” ती म्हणाली, “पोट्टी पाव्हणी आहे काय?” बाबा म्हणाले, “शिकून राहिली ना ते. आपणही शिकू थोडं.” मला वाटलं, दोन दिवस चालेल. अकरा वर्षं चाललं. ते चुका करत, ‘तुला’च्या जागी ‘तुले’ अर्धं बाहेर येई, मग गिळून पुन्हा नीट म्हणत. मी म्हणायला हवं होतं, बाबा, पुरे. रोज म्हणायला हवं होतं असं वाटायचं आणि रोज उद्यावर जायचं. पुण्याहून कॅसेट परत आली, सोबत चिठ्ठीसुद्धा नव्हती. ती किशोरभाऊंच्या कपाटात गेली. गुरूचा अस्त संपला, लग्नं सुरू झाली. मी शिक्षिका झाले, मराठीची. हजारो वह्यांमधल्या ‘मले’भोवती मी लाल शाईनं गोल काढले आहेत. कोणाच्या कोणाच्या बापाची भाषा होती ती, देव जाणे.

रामदासपेठेतल्या दवाखान्यात ते शेवटचे नऊ दिवस होते. मी शाळा सुटली की जायची. दाराबाहेरून ऐकू यायचं, कूस बदलून देणाऱ्या वॉर्डबॉय मामांना ते म्हणत, “मले जरा उचल गा, पाठ दुखून राहिली.” तोच आवाज, थकलेला. मी आत गेले की तो आवाज नीट बसायचा. “तू जेवून घे. मला काही होणार नाही.” एका दुपारी मी धीर केला. पलंगाशी खुर्ची ओढली आणि म्हटलं, “बाबा, मले तुमच्याशी बोलाचं आहे.” इतक्या वर्षांनी ते ‘मले’ माझ्या तोंडून इतकं खोटं आलं, जसं नाटकात. त्यांनाही ते कळलं असणार. ते हसले, माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, “बोल ना, सुनंदा. मी ऐकतो आहे.” मी औषधाची वेळ झाली असं काहीतरी म्हणाले. ते गेले तेव्हा मी शाळेत होते.

फोटो आहेत त्यांचे. चिमटा माझ्याकडे आहे. आवाज नव्हता. तेव्हा कोणाकडे फोन होते आवाज धरून ठेवायला? जे एक यंत्र आमच्या गल्लीत होतं त्याच्यावरून तो मी स्वतः पुसला होता. नातवंडं विचारत, पणजोबा कसे बोलायचे? मी नक्कल करून दाखवायची, ‘चला उमरेड, उमरेड’, आणि माझी मलाच लाज वाटायची.

गेल्या महिन्यात किशोरभाऊ आले. पंच्याहत्तरीच्या पुढचे, गुडघे गेलेले, आमची लिफ्ट नेमकी बंद. चार मजले चढून आले आणि पाच मिनिटं नुसते धापा टाकत बसले. मग खिशातून पेन ड्राइव्ह काढला. दुकान विकायला काढलंय, कपाटातल्या कॅसेट कोणाकडून तरी उतरवून घेतल्या, त्यात ही निघाली. मी म्हटलं, राहू द्या, मला नाही पाहायचं. “शेवटचा शॉट पाय,” ते म्हणाले. “तू त त्या दिवशी बाहेर गेलती. मी पायलं होतं तुले जाताना.” मी म्हटलं, त्यात काय आहे, पाठमोरी माणसं. “घंट्यांत दबून गेलतं, मी ऐकलं नव्हतं आतापर्यंत,” ते म्हणाले. “आता हेडफोन लावून बसलो तवा ऐकू आलं. सरांनी त्याले हात नाही लावला. मी म्हटलं होतं, बैलाच्या घंट्या राहू दे, त्या मी कुठून आणू? अन् तोंडाले दुपट्टे. ओठ कोणाले दिसते?”

त्यांनीच टी.व्ही.ला जोडलं आणि आवाज पुरता वाढवला. ऊन. नांगरलेलं शेत, पलीकडे कुठेतरी घंट्या. तीन पाठी दूर चाललेल्या. मग चित्राला हिसका बसला, धप्प असा आवाज झाला. उजवीकडचा माणूस थांबला. अर्धा वळला. लाल काठाच्या दुपट्ट्यावर फक्त डोळे, बारीक केलेले. कापड हललं.

“लागलं काय वं, नंदे?”

चौकात बसच्या आधी येणारा तो आवाज. मला नंदे म्हणणारं या जगात दुसरं कोणी नव्हतं, आणि हे नाव मी विसरूनही गेले होते. आणि लगेच, अगदी माईकजवळ, दात-ओठ खाऊन पुटपुटलेला एका मुलीचा आवाज, “मले काही नाही झालं! तुमी बोलू नोका ना बाबा!” दुपट्ट्यावरचे डोळे अजून क्षणभर तिथेच थांबले. मग बाबा वळले आणि सांगितल्याप्रमाणे मुकाट्यानं चालायला लागले.

म्हणजे ते शेवटपर्यंत बसले होते. मी कडुलिंबाखाली उभी होते आणि ते पहिल्या रांगेत बसून, सरांचा आवाज आपल्या तोंडात ऐकत ऐकत, इथपर्यंत आले होते. आणि घरी येऊन आईला म्हणाले होते, शेवटाले मी आहो ना. मी यादीतलं नाव समजले.

किशोरभाऊ खिडकीकडे तोंड करून बसले होते. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “अजून एकदा लावू काय?” मी म्हटलं, “हव.” त्यांनी लावलं. पुन्हा शेत, पुन्हा घंट्या, पुन्हा ते डोळे वळले, आणि बाबांनी पुन्हा विचारलं. ती मुलगी काही बोलायच्या आत मी बोलले, चांगलं मोठ्यानं, किशोरभाऊ दचकले.

“लागलं ना बाबा. लय लागलं मले.”